उभ्याने द्यायची साक्ष

बेलापूर
रविवार, दुपार

प्रिय नॅथन,

सप्रेम सलाम. जस्टिनची सुट्टी संपली, तो शुक्रवारी तुझ्याकडे मस्कतला परत निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देते आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू घाईत असतोस आणि इकडे आई माझ्या शेजारी येऊन बसते. शिवाय हातात पेन असल्याशिवाय मला धड विचार करता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या आठवड्यात तू मला एक काम सांगितलंस. त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी आहे. शाळेत असताना तू गणिताच्या पुस्तकाची मागची पानं आधी उघडायचास आणि बाबांचा मार खायचास. या वेळी तसं करू नकोस. पहिल्यापासून वाच.

घरची खुशाली म्हणायची तर आईचं बीपी गोळीने ताब्यात आहे, गुडघे मात्र बोलतात. कारखाना अजून चालू आहे, वारा इकडे फिरला की मळीचा वास घरभर होतो. माझ्या शाळेत दहावीची गडबड आहे. तुझ्या खोलीतली खाट मी हलवलेली नाही. ग्लोरियाने भिंतीला लावलेली दोरीही तशीच आहे. उठताना धरायला म्हणून तिने ती खिळ्याला बांधली होती. आई म्हणते काढून टाक. मी काढलेली नाही.

नॅथन, तुझ्या बायकोचं नाव आज गावात कसं घेतलं जातं ते तू ऐकलं आहेस, बरंचसं आईकडूनच. त्या नावावर तिचं या घरातलं राहणं आणि तुमच्या लेकीचं, आराधनाचं, तिच्यापाशी राहणं दोन्ही टांगलेलं आहे. म्हणून मी इथे डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहिणार आहे. ऐकलेलं जिथे येईल तिथे तसं सांगेन. मी ग्लोरियाची वकील नाही. सुरुवातीला मलाही वाटलं होतं की पोरीला माणसाची सवय आहे, तू गेल्यावर तिचं मन लागत नाही, आणि मन लागत नसलं की अंग धरतं. असं होतं लोकांचं. पण जे वाटतं ते तपासून घ्यावं लागतं, आणि तपासल्यावर जे हाती आलं ते असं.

पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला, तो तुला माहीत आहे. ताप गेला, पेशी वाढल्या, आम्ही देवाचे आभार मानले. पण ती उठेना. म्हणजे उठायची, पण अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जाईतो भिंत धरायची. ओट्यापाशी पीठ मळायला उभी राहिली की थोड्या वेळात तिचा चेहरा पांढरा पडायचा, मानेपाशी शीर उडताना लांबून दिसायची. मग ती खाली फरशीवर बसायची आणि तिथेच परात ओढून घ्यायची. बसली की बरी. आडवी झाली की त्याहून बरी, हसायची, आराधनाला गोष्ट सांगायची. मला एकदा म्हणाली, "ताई, मी खाटेवर लई हुशार असते बघा. उभी केली की ढ."

हेच आईला खुपलं. आडवी असली की बरी आणि कामाला उभी केली की आजारी, याचा अर्थ आईने जो लावला तो गावातल्या कुठल्याही सासूने लावला असता. आपल्या गावातल्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून बीपी पाहिलं, चांगलं आलं. अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत टवटवीत होती, अंगण झाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. आई सगळ्यांना सांगत सुटली, "सलाईन लावलं की ठणठणीत, घरी आली की पुन्ना त्येच. हिला दवाखान्याचीच आवड हाय." मग श्रीरामपूरला रक्त तपासलं, थायरॉईड, साखर, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती पट्टीही आडवं पाडूनच काढतात. सगळं नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, नवरा लांब असला की होतं. तो नॉर्मलचा कागद आईने देवघरातल्या... पाहा, मी हिंदू मैत्रिणींत राहून काय लिहिते आहे! बाबांच्या फोटोमागे खोचून ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला. पोरगी आजारी नाही याचा पुरावा म्हणून.

आता मिठाचं. हे तुझ्या कानावर वेगळ्या तऱ्हेने आलं आहे, म्हणून नीट वाच. आईच्या बीपीमुळे आपल्या घरी किती वर्षं भाजी अळणीच होते. लोणचं बंद, पापड बंद. ग्लोरियाला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या जिभेला कळलं असावं. खारट काही खाल्लं आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं की तिला घटकाभर उभं राहता यायचं. म्हणून ती दुपारी बरणीतून खडेमीठ काढून चिंचेबरोबर चोखायची. शेजारची रतनबाई ताक न्यायला आली, तिने ते पाहिलं. चक्कर, मळमळ, चिंच आणि मीठ. रतनबाई ओसरीवर उभी राहून आईला म्हणाली, "गोड बातमी लपवून ठिवता व्हय? पर मी काय म्हन्ते, तुमचा नॅथन कवा येऊन गेला गं?" आणि हसली. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. आई हसली नाही. तू जानेवारीत गेलास, आणि तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

त्याच्या पुढच्या महिन्यातला पहिला रविवार प्रभुभोजनाचा. चर्चमध्ये टेबलापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून आमची रांग बसली होती, ग्लोरिया माझ्या डावीकडे. भाकर घेतली, प्याला घेतला, रांग पुरी होईपर्यंत सगळे मान खाली घालून थांबलो, आणि पाळकसाहेबांनी हात उचलल्यावर एकदम उठलो. ती उठली, कठडा धरला, आणि मग तिचा हात सुटला. पडताना तबकाला धक्का लागला आणि द्राक्षारस पांढऱ्या कापडावर सांडला. भोजनाआधी पाळकसाहेब दर वेळी इशारा वाचतात तो तुला पाठ आहे. पोटात पाप ठेवून जो या टेबलाशी येतो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, हा. त्या दिवशीही वाचून झाला होता. रतनबाईने मिठाची गोष्ट आधीच घरोघर पोचवली होती, आता तिला टेबलाचा शिक्का मिळाला.

ग्लोरियाने घरी आल्यावर मला एकच मागितलं, "ताई, माझी तपासणी करा. तुमच्या समोर." मी मेडिकलमधून गरोदरपणाची पट्टी आणली, माझ्या डोळ्यांदेखत केली, काही नव्हतं. मी ते आईला सांगितलं. मला वाटलं प्रश्न मिटला. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मंग काय केलं तिनं त्याचं?" नॅथन, हे वाक्य लिहायचं की नाही यावर मी खूप थांबले. आई आपली आहे. पण ते ती बोलली, आणि ग्लोरिया दाराच्या पलीकडेच बसली होती.

त्यानंतर मी तिला नगरला नेलं. शाळेतल्या एका बाईंनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं होतं. त्यांनी आधी नळी लावली नाही, प्रश्न विचारले. कधी होतं? उभं राहिल्यावर किती वेळाने? आडवं झाल्यावर जातं का? धावताना, जिना चढताना कधी शुद्ध गेली आहे का? छातीत कळ? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? या शेवटच्या प्रश्नांना हो उत्तर आलं असतं तर मी तुम्हाला आजच भरती केलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग ग्लोरियाला टेबलावर शांत झोपवलं, कुणी बोलायचं नाही. काही मिनिटांनी बीपी आणि नाडी पाहिली. नाडी चौऱ्याहत्तर. मग तिला उभं केलं, भिंतीला टेकायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, आणि थोड्या थोड्या वेळाने तेच मोजत राहिल्या. बीपी जवळजवळ होतं तिथेच राहिलं. नाडी शंभरावर गेली आणि थांबली नाही, दहा मिनिटांच्या आत एकशे सव्वीस. तिची पावलं जांभळी पडली होती, मी पाहिली. डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच झोपवलं, आणि नाडी आपसूक खाली आली.

त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. शरीर लगेच पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. हिच्या शरीराचा तो आवळण्याचा हुकूम नीट पोचत नाही. डोक्याला रक्त कमी पडायला लागलं की हृदय धावून भरपाई करतं. कधी तापानंतर असं होतं, बायकांत जास्त दिसतं. याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, थोडक्यात पॉट्स म्हणतात. खुर्चीत बसवून बीपी पाहिलं किंवा झोपवून पट्टी काढली तर सापडत नाही, कारण आजार उभं राहण्यात आहे. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं, अंगात पाणी कमी पडलं तरी नाडी धावते, म्हणून ते आधी तपासावं लागतं. ते श्रीरामपूरला झालंच होतं. मी विचारलं, हे मनाचं आहे का? त्या म्हणाल्या, "नाडी मनाने पन्नासने वाढवून दाखवा मला, उभ्या उभ्या." मी घरी येऊन स्वतःवर तेच करून पाहिलं, आधी झोपून, मग उभं राहून. माझी जेमतेम दहा-बाराने वाढली. मला खात्री करून घ्यायची होती.

औषध म्हणजे भरपूर पाणी, आणि मीठ. होय, मीठ. तिला ते लागतंच, आईला मात्र चालणार नाही, हेही त्यांनी बजावलं. पायांना मांडीपर्यंतचे घट्ट मोजे. उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उठायचं. उभं राहावंच लागलं तर पायाला पायाची अढी घालून पोटऱ्या आवळायच्या. आडवं पडून सायकल चालवल्यासारखा व्यायाम. बरं होईल का, यावर त्या म्हणाल्या की बरेच जण सुधारतात, पण महिने जातात, वर्षंही जातात, वचन देत नाही. परत येताना एसटीत ग्लोरिया रडली. मला वाटलं भीतीने. तर म्हणाली, "नाव हाय म्हणजे त्याला. मी एकटीच न्हाई."

मी हे सगळं तुला फोनवर सांगितलं होतं. आठव. तू म्हणालास, ताई, डॉक्टर काहीही नाव देतात. त्यानंतर चारच दिवसांनी तुझा निरोप पाळकसाहेबांच्या मोबाईलवर आला.

मंडळीच्या सभेला तू नव्हतास, म्हणून ती कशी झाली ते सांगते. चर्चमध्ये पंच पुढच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी मोबाईल ध्वनिक्षेपकापाशी धरला आणि तुझा आवाज सगळ्यांना ऐकवला. बाबा ज्या जागेवरून शास्त्र वाचायचे त्याच जागेवरून. तू म्हणत होतास, माझ्या बायकोने मंडळीपुढे साक्ष द्यावी, नाहीतर तिला माहेरी पाठवावं आणि माझी मुलगी माझ्या घरी ठेवावी. आवाज तुझाच होता. मी शेवटपर्यंत कान देऊन ऐकला, कुठे आईचे शब्द सापडतात का म्हणून. सापडले नाहीत. आराधना माझ्या मांडीवर होती, ती आनंदाने ओरडली, "पप्पा!"

साक्ष द्यायची ती उभ्याने, टेबलाकडे तोंड करून, पंचांचं विचारून संपेपर्यंत. बाबा पंच होते तेव्हापासून असंच आहे, बाबांना त्यात काही वावगं वाटलं नसेल, त्यांच्यापुढे उभं राहता न येणारा माणूस कधी आला नव्हता. मी उठून डॉक्टरांचा कागद दाखवला आणि तिला खुर्ची मागितली. पंचांपैकी आसाराममामांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, "आज हिला खुर्ची दिली की उद्या समदे बसूनच बोलतील. देवापुढं बसून कोन बोलतं, मास्तरीनबाई?" आणि मागून आई म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "निर्मळ असंल तर राहील की हुबी."

ती उभी राहिली. मोजे घातले होते, घरून मिठाचं पाणी पिऊन आली होती. पहिले दोन प्रश्न झाले, तिने उत्तरं दिली, आवाज साफ होता. मग तिने डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे पायाला अढी घातली. रतनबाई पुटपुटली, "बगा कशी हुबी हाय, पानाच्या टपरीवर हुबं ऱ्हावं तशी." आसाराममामांनी सांगितलं, पाय जुळवून नीट उभी राहा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिने तरी पाय सोडले आणि जुळवले, कारण समोर टेबल होतं आणि तिच्यासाठी ते टेबल आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त खरं आहे. मग मी तिची मान पाहत राहिले. शीर उडत होती. तिने "मामा" एवढंच म्हटलं आणि ती खाली गेली. कपाळ कठड्याच्या कडेवर आपटलं.

कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं, झाली साक्ष. ते कोण होतं ते मला माहीत आहे, पण मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं, म्हणून नाव लिहीत नाही.

मी तिचे पाय उचलून बाकावर ठेवले. थोड्याच वेळात तिने डोळे उघडले. कपाळातून रक्त येत होतं, मी पदर दाबला. मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "न्हाई ताई, आता विचारू द्या त्यांना. आडवी असले की मला नीट बोलता येतं." आणि नॅथन, ती तिथेच बोलली. चर्चच्या फरशीवर पाठ टेकून, पाय बाकावर, वर पंख्याकडे पाहत. पंचांना वाकून पाहावं लागत होतं. तिने सांगितलं की लग्नाच्या दिवसापासून तिला तुझ्याशिवाय दुसरा पुरुष ठाऊक नाही, पोटात काही नव्हतं, काही पाडलं नाही, मीठ तिने खाल्लं आणि अजून खाणार आहे. शब्द अडखळला नाही. मी तिची नाडी धरून होते, ती शांत होती. पंचांनी आणखी काही विचारलं नाही. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना घाईत केली. प्रार्थनेला सगळे उभे राहिले. मी राहिले नाही, तिच्याजवळ फरशीवर बसून होते. बाहेर पडताना पंच म्हणाले, नॅथन आल्यावर बघू. म्हणजे तिच्यावर डागही ठेवला नाही आणि पुसलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजगावहून तिचा भाऊ सुनील टेम्पो घेऊन आला. मागे गादी टाकली होती. ग्लोरिया आणि आराधना दोघी आडव्या होऊन गेल्या, आराधनाला तो खेळ वाटला. आई आतून बाहेर आली नाही. काल शनिवारी मी मिरजगावला जाऊन आले. कपाळावर टाके पडले होते, ती खूण राहणार. खारं ताक पिते, जमिनीवर पडून पाय चालवते, दोन भाकरी उभ्याने होतात, तिसरी बसून. तुझ्याबद्दल तिने एकच विचारलं, की तिकडे उन्हात काम असतं का. यापेक्षा जास्त तिच्या तोंडून काढायचा प्रयत्न मी केला नाही.

आता तू सांगितलेल्या कामाचं. तू म्हणालास, "ताई, सुनील मला किंवा आईला दारात उभं करणार नाही, पण ग्लोरियाचा तुझ्यावर विश्वास आहे. ईस्टरच्या सुट्टीला म्हणून तू आराधनाला घेऊन ये. परत पाठवायचं की नाही ते मग मी बघतो." मी त्या वेळी हो-नाही काहीच बोलले नाही, आई शेजारी होती, आणि तू ते हो समजलास. मी तिला आणणार नाही. नुसतं एवढं लिहून मला तुझ्यापासून लपून राहायचं नाही, म्हणून पुढचंही सांगते. मी मिरजगावला गेले ते हेच सांगायला गेले होते. तू माझ्याकडे काय मागितलंस ते मी ग्लोरियाला तिच्या तोंडावर सांगितलं, म्हणजे माझ्या नावावर दुसरंही कुणी पोरीला न्यायला येऊ शकणार नाही. तिने ते आडवं पडूनच ऐकलं. आईला मी अजून काही बोललेले नाही. ती ओसरीवर बसून आराधनासाठी ईस्टरचा पांढरा फ्रॉक शिवते आहे, मधूनमधून मला विचारते, पोरीची उंची वाढली असंल का गं? आज संध्याकाळी सांगेन. तू ये, नॅथन. ये आणि ती आडवी असताना तिच्या मनगटावर बोटं ठेव, मग तिला उभं कर आणि तेव्हाही ठेव. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आईवर ठेवू नकोस, आपल्या बोटांवर ठेव.

एवढं एक काम सोडून तुझीच,
मेरीताई